दादाचं जस्ट

चहा गाळतेस तोवर आमच्या आईचं ऐक. माझा दादा आधी बाबांच्याच बोटीवर जायचा, आता परदेशी जहाजावर आहे. फोनवर त्याच्या तोंडी सारखं तेच. "आये, जस्ट जेवलो." "जस्ट थोडे महिने गं, मग येतो." "काम काय न्हाय, जस्ट फोन केला."

एकदा फोन ठेवून आई मला म्हणाली, "तू शाळेत इंग्लिश शिकवतेस ना? ह्यो जस्ट म्हंजे काय गं?"

मी म्हटलं, "कधी आत्ताच, कधी फक्त. कधी नुसतं सहज, उगाच."

"येवढं सगलं येकाच शब्दात?" म्हणाली आणि बोंबील वाळत घालायला गेली.

आमच्या उरणकडे बोट बंदराला लागली की प्रत्येक खलाशाला घरी न्यायला मासळीचा वाटा मिळतो. दादा जहाजावर गेला, तरी आई आमच्या मासळीतून त्याचा वाटा काढते, सुकवते आणि डब्यात भरून ठेवते. बाबाही तिला अडवत नाहीत. फळीवर आता डबे मावत नाहीत.

परवा व्हिडिओ कॉलवर दादाला तिच्यामागे ते डबे दिसले. चिडलाच तो.

"आये, माझा वाटा अजून काढतेस? मी हाय का तिथं? कोन खानार ह्ये? कशाला करतेस?"

आईने मोबाइल तोंडाजवळ धरला. मला वाटलं, आता रडणार.

"जस्ट," म्हणाली.