मूठभर खार, लग्नाचे पापड

माहेर माझं शिंदखेड्याकडलं, सासर इथं अमळनेरले. नवरा गेला तेव्हा पोरगी कडेवर व्हती. दीर म्हणे, वहिनी, माहेरी जाऊन राहा. मी म्हटलं, माहेरी काय शे, इथं निदान लोकांची लग्नं तरी लागतात. हसू नका ताई, खरं सांगते. लग्नघरी उडदाचे पापड लागतात अन् बठ्ठ्यांच्या, म्हणजे सगळ्यांच्याच घरी लाटणाऱ्या बाया नसतात. पीठ त्यांचं, हात माझे. त्यावरच पोरगी वाढवली, ती आता बोदवडले दिली शे, बरं चाललंय तिचं.

तुम्ही त्या दामूशेठच्या दुकानाचं विचारलं ना, सांगते. पण आधी पाळीचं सांगू द्या, नाहीतर समजणार नही. लग्नाचे पापड एकटीच्यानं व्हत नहीत. मी गल्लीतल्या बायांले हाक मारायची, त्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या, अन् मग त्यांच्या घरचे पापड निघाले की मी जायचं. आपसात पैशाचं नाव नही. पण कोणाची पाळी कोणावर शे, ते झोपेतून उठवून विचारलं तरी बाई सांगेल.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या सालांतलं असेल. एका सोनाराच्या घरचं लग्न व्हतं, लग्न अगदी तोंडावर आलेलं, पीठ आणून दिलं त्यांनी. खार मी आणला दामूशेठकडून, पापडखार, मूठभर लागतो, पण त्याच्यावरच पापड फुलतो. अन् दिवस कोणता, तर एकादशी. थांबायले सवड नव्हती. एरवी बाया लाटता लाटता कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकतातच, ती चव काय सांगू तुम्हाले, पण त्या दिवशी बठ्ठ्यांचा उपास. पोरं आली मागायले, तर लग्नाच्या पिठातली पहिली लाटी देवाची, अन् एकादशीले देवालेही उडीद चालत नही. म्हणजे दिवसभर कोणाच्या जिभेले ते पीठ लागलंच नही. पापड दिसायले छान, पातळ, खाटेवर वाळत घातले. द्वादशीले देवाले दाखवायचा म्हणून एक तळला, तर लालभडक. तोंडात घातला तर साबण.

आणखी दोन तळले ताई, तेही तसेच. भीती पिठाची नव्हती फक्त. गावात एकदा झालं, की गोदावरीच्या हातचे पापड कडू निघाले, तर पुढं पीठ कोण देणार माले? अन् पोरगी पदरात.

उरलेल्या खाराची पुडी घेऊन दुकानात गेले. शेठनं चिमूट जिभेवर ठेवली अन् लगेच थुंकला. म्हणे, धुण्याचा सोडा शे हा, डबे शेजारी शेजारी असतात, चुकून गेला. घे, चांगला खार घेऊन जा, वर मूठभर जास्त देतो. माणूस वाईट नव्हता, पण मी हलले नही. म्हटलं, शेठ, खार मूठभर, पीठ किती गेलं? ते म्हणे, मी पीठ विकलं का तुले? अन् चाखून पाहायले काय झालं व्हतं, तुझी चूक तू माझ्या गळ्यात घालू नको. म्हटलं, शेठ, एकादशी व्हती. ते म्हणे, मग त्याले मी काय करू?

आत त्याची आई डाळ निवडत बसलेली, अक्का म्हणायचे तिले बठ्ठे. ती आतूनच बोलली, दामू, काल एकादशीले आपल्या घरी कोणी काय चाखलं रे? मग ती बाहेर आली अन् म्हणे, तुझ्या काडीनं तिचं घर पेटलं, अन् तू तिले नवी काडीपेटी देतोस?

डाळ दुकानातून निघाली, दळण त्यांनी करून दिलं, तेल-हिंगही त्यांचंच. मग अक्का म्हणे, अन् बायांले काय देऊ? मी म्हटलं, बाया काही घेत नहीत. पण दिवस गेला तो गेला, प्रत्येकीची एकेक पाळी माझ्यावर चढली, आता पुन्हा बोलावू तर आणखी चढेल. शेठ म्हणे, वाया गेलेला दिवस कोण धरतं? माले राग आला. म्हटलं, पापड वाया गेले म्हणून काय हात कमी दुखले?

अक्का दुसऱ्या दिवशी दोन्ही सुनांले घेऊन माझ्या दारात. पदर खोचला अन् बसली. बाजारभर झालं, शेठाच्या घरच्या सुना गल्लीत पापड लाटतात. शेठ काही दिवस मान वर करून चालला नही. त्या सालात गल्लीत जिच्या घरी पापड निघाले, तिच्याकडं माझ्या बदली त्या सुना गेल्या. धाकटीचे नकाशासारखे व्हायचे. अक्का म्हणायची, वाकडा चालेल, जाड नको. सोनाराकडं पापड वेळेवर गेले, खरं काय झालं ते मीच सांगितलं त्यांले, पुढच्या लग्नालेही पीठ माझ्याकडंच आलं.

शेवटची पाळी झाली तशी मी म्हटलं, अक्का, फिटलं बठ्ठं. ती म्हणे, कसं फिटलं? सुनांनी लाटले ते तुझ्या नुकसानीचे. मी लाटले ते कुठं त्यात व्हते? माझी पाळी तुझ्यावर शे, नातीचं लग्न काढलंय, ये. ताई, मोठ्या घरी माले मजुरीनं बोलवायचे, मागच्या पडवीत बसवायचे. त्या घरी मी पाळीनं गेले, अन् अक्कानं आपल्या शेजारी बसवलं. माले रडू आलं, पण पिठात पडेल म्हणून आवरलं.

अक्का गेली आता. पण पाळी काही फिटत नही, मी गेले की अक्काची सून येते, सून आली की मी जाते. अन् दामूशेठ खार स्वतःच्या जिभेले लावल्याबिगर पुडी बांधत नही, एकादशीले कोणी मागितला तर सांगतो, उद्या या. अन् आता उद्या माले त्यांच्याकडंच पापड लाटायले जायचं शे. दशमी शे, एकादशी नही, मी पाहून ठेवलंय. देव त्या घराले भरलेलं ठेवो.