वासाचं विमलले इचारा

नाही नाही, बसा तुमी भाऊ, काही जळून नाही राह्यलं. तिकडे कोनीतरी वावराच्या धुऱ्यावर तुराट्या पेटवल्या असतीन, त्याचा वास. या दिवसांत मेडशीत असाच वास राह्यते — तूर निंगाली का झालं, जो तो काडी लावत सुटते. काय? प्लास्टिकसारखा? हां, मंग एखांदी थैली गेली असंन त्यात. तुमी कायले जीवाले घोर लावता? तुमच्या रीताच्या लग्नाचा व्हिडिओ होतच आला. आतल्या खोलीत कंप्युटरच्या मशीनवर लागलेला हाये, विमल बसली हाये ना तिथी, माही बायको, लक्ष ठेवाले. स्क्रीनवरची पट्टी भरली का थे आवाज देते, मी पेनड्राइव्हमंधी टाकतो, तुमी चालले. जावई थांबून हायेत म्हनून तं एवढी घाई करून राह्यलो मी, नाहीतं आरामात दिलं असतं.

आता तुमी म्हनसान, बंद करून पाहा एकदा. सगळेच म्हनतात तसं. पन मधात बंद केलं का पुन्हा पयल्यापासून — हळदीपासून, भाऊ! हे काम काही फोटो काढाची गोठ नाही. मशीनच्या पोटात ग्राफिक कार्ड असते, हे एवढं, विटेएवढं, सगळा जोर त्याच्यावर. नवरी वरून फुलांतून खाली उतरते, नवरदेवाच्या मांगं ताजमहाल येते, थे सगळं थेच करते. अकोल्याहून आनलं मी, कोनाचं तरी वापरलेलं होतं, पन कामाले वाघ हाये. गरम होते थोडं. होनारच ना, काम करते तं गरम होईनच. आपनही होतो उन्हात.

खरा दुश्मन कोन हाये सांगू? कुटार. थे पाहा समोर, पटांगनात — सकाळपासून थ्रेशर चालू हाये, तुरीचं कुटार, हा सगळा भुसा, उडून उडून सीधं दुकानात येते. मांगच्या साली त्यानंच माहं जुनं मशीन खाल्लं. पंख्यात जाऊन बसलं, पंखा जाम, खेळ खतम. यंदा म्हनलं, याची जिरवतोच. तुरीच्या पोत्याले झाकतो तसं अख्ख्या मशीनले मेनकापड गुंडाळलं, घट्ट. खिडकीले खिळे ठोकले. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून टेप मारली, चारी बाजूनं — पाहा ना, कसं चकचकीत दिसते! मुंगी जानार नाही आत. … हवा? हवा कायले पाह्यजे त्याले? हवेसंगं कुटारच येते ना, भाऊ. तुमीही कमाल करता.

लाइटचं म्हनान तं तिचाही बंदोबस्त केला. घंट्याघंट्याले फ्यूज उडे, मी स्टुलावर चढू चढू थकलो. लाइनमन म्हने, लोड हाये, वायरिंग बदला. त्याले काय जाते म्हनाले! मी फ्यूजमंधी चांगली जाड तार टाकली, दोन पदरी. तवापासून एक डाव उडाला नाही. तिकडे काय पाहता? बोर्ड पयल्यापासूनच तसा काळा हाये — म्हंजे, पयल्यापासून नाही, पन हाये.

विमलही तुमच्यासारखीच. चार दिस झाले, एकच धोशा — वास येते, वास येते. मी म्हनलं, तुले वास नाही येत, तुले पुन्याची याद येते. नीलिमा, आमची पोरगी, तिथी राह्यते. दुकान बंद करा न् इकडे या म्हनते, न् मायलेकी दोघी एक झाल्या. म्हनून मी वासाचं मनावर घेत नाही. … मले? मले येते ना वास. येते म्हंजे — आता तुमच्यापासून काय लपवाचं, गावात बोलू नका पन. त्या बिमारीपासून माहं नाक गेलं. सगळ्याईचं आलं वापस, माहं नाही आलं. अगरबत्ती कोन्ती, रॉकेल कोन्तं, मले सारखंच. एकदा गॅसवर दूध जळून भांडं लाल झालं, मी बाजूलेच बसून होतो. तवापासून घरात वासाचं खातं विमलकडे. मी इचारतो, थे सांगते. तिच्या नाकावर चालू हाये माहं.

म्हनूनच तं आज तिलेच आत बसवलं! म्हनलं, तुले एवढा येते ना, मंग बस मशीनजवळ न् वाढला का सांग. कुरकुरली. डोकं जड पडून राह्यलं म्हने, दार उघडा म्हने. दार उघडून कसं चालंन, सगळं कुटार आत नाही येनार? व्हिडिओ होईस्तोवर दम धर म्हनलं. वाऱ्यानं दार हालते म्हनून कडी लावली बाहीरून. … असे काहून पाहता भाऊ? बायको हाये थे माही, मी काही कोंडलं नाही तिले. हाक मारली असती का नाही तिनं? मघा खोकलत तं होती चांगली. तुमी आले तवा नाही का खोकलत होती? आता थांबला खोकला. बरं वाटलं असंन.

विमल! … झालं का व?

थ्रेशरच्या आवाजात ऐकू नसंन गेलं. कान जरा — काय? बंद झालं? कवा बंद झालं थ्रेशर?

विमल. अवं, पट्टी भरली का?

झोप लागली असंन. रात्री लय जागली थे, मले म्हने, तुमाले काही झालं तं मी सांगीन, पन मले काही झालं तं तुमाले कसं समजंन? असंच बोलते काहीबाही. थांबा — ही टेप — लय घट्ट मारली मी, नखात येऊन नाही राह्यली. भाऊ, तुमी तिकडून ओढा. कडी कायले एवढी गरम हाये? खालून हे काय येऊन राह्यलं, कुटारच हाये ना हे? भाऊ, बोला ना. कशाचा वास हाये? पेनड्राइव्ह राहू द्या, त्याले आग लागो, मेन बटन पाडा तिकडचं — लोकाईले बोलवा, जा —

विमल, वास येते का व? … विमल, सांग ना. मले नाही येत.