ठोकल्याशिवाय सही नाही

आता मला सांगा, गाडी पास होत होती ना? होत होती! साहेब सहीला तयार, पेनचं टोपण निघालेलं, शिक्का शाईत बुडवलेला, शिपायाने फाइल उघडून धरलेली... आणि त्या सहीच्या आड कोण आलं? दलाल? छे हो! गाडीचा मालक आला! स्वतः मालक! साहेबाच्या हाताखालून आपल्याच गाडीचा फॉर्म ओढून घेऊन म्हणतो, "एक मिनट साहब, आपने गाड़ी तो देखी ही नहीं!" असला माणूस बघितलाय कधी? नाही ना? मी रोज बघतो. विकास नगरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. नरहरराव.

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. नरहरराव मूळचे भुसावळचे, नोकरीने इकडे उत्तरेत आलेले, रेल्वेत टी.एक्स.आर. म्हणजे काय, तर चारबाग स्टेशनात गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस डब्यांच्या कडेकडेने चाकं ठोकत जातो ना, तो! आपल्याला वाटतं, आहे कोणीतरी, वेळ घालवतोय. अहो, वेळ घालवत नाही, ऐकतो तो! चाक खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत कुठेतरी चीर. मग आत मंत्री बसलेला असो की मंत्र्याचा सासरा, डबा काढायचा म्हणजे काढायचा. एकदा एक बडे साहेब खिडकीतून म्हणाले, "नरहर, उशीर होतोय, कर सही आणि सोड." नरहरराव म्हणाले, "सर, ठोकल्याशिवाय सही नाही." ठोकलं. बद्द वाजलं. डबा निघाला आणि साहेब सामानसुमानासकट फलाटावर! त्या वर्षी नरहररावांची बढती गेली, आणि तीसुद्धा हा माणूस हसत हसत सांगतो.

बरं, हे रेल्वेपुरतं असतं तर मी म्हटलं असतं चला, नोकरी आहे. पण घरी? माठ ठोकणार, टरबूज ठोकणार, नवीन स्टूल आणलं तर त्याचे तिन्ही पाय ठोकणार. मुलगी सलोनी, तिला मराठी कळतं सगळं पण बोलणार हिंदीत, ती म्हणते, "बाबा, सब्ज़ीवाले भैया हमारा घर देखते ही ठेला मोड़ लेते हैं!" वळवणार नाही तर काय करेल बिचारा? चौतीस वर्षं झाली, रिटायर झाले, खात्याने निरोपाला काय दिलं तर तीच हातोडी, दांड्याला लाल रिबीन बांधून. आणि नरहररावांच्या डोळ्यांत पाणी!

मग त्यांनी गाडी घेतली. सेकंड हँड, ती पांढरी गोलमटोल, सरकारी साहेब लोक मागे बसतात तसली, टॅक्सी पासिंगची. चिनहटच्या एका कारखान्याशी ठरलं, सकाळी साडेसातला चारबागला उभं राहायचं, दिल्लीहून आलेले साहेब लोक उचलायचे आणि फैजाबाद रोडने चिनहटला पोचवायचे. ड्रायव्हर जयसिंग, बाराबंकीकडचा, घरी बायको, म्हातारी आई, तीन पोरं. म्हणजे त्या एका गाडीवर दोन घरं चाललेली, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता टॅक्सी म्हटली की दर वर्षी पासिंग आलं. गेल्या वर्षी नरहररावांना कावीळ झाली होती, म्हणून जयसिंग एकटाच गेला आणि पास करून आला. वर्षभर हा माणूस गल्लीत सांगत फिरतोय, "सेकंड हँड गाडी, पण कागदावर एक शेरा नाही!" तुम्ही म्हणाल, मग वर्षभर त्यांनी स्वतः ठोकून बघितली नाही का? नाही! तुम्हाला सांगतो, सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. टरबूज ठोकणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीला हातोडी लावली नाही! का? तर म्हणे, "दुसऱ्या एक्झामिनरने सही केलेली गाडी आपण पुन्हा ठोकायची नसते. त्याचा अपमान होतो." घ्या! रेल्वेचा नियम! समोरच्याने सही केली म्हणजे त्याने ठोकलंच असणार, असं हा भला माणूस धरून चाललेला. आणि जयसिंग बिचारा खाली मान घालून काच पुसतोय.

यंदा पासिंग जूनअखेर संपत होतं. कारखान्याचा ट्रान्सपोर्टवाला नंदकुमार, त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं, "अंकलजी, सोमवार सुबह काग़ज़ दिखाइए, नहीं तो दूसरी गाड़ी लग जाएगी." झालं. शुक्रवारी नरहरराव स्वतः निघाले, इस्त्रीचा शर्ट, डिकीत हातोडी. लतिकावहिनींनी फाटकातून सांगितलं, "अहो, तिथे जास्त बोलू नका." यावर हे म्हणाले, "मी कशाला बोलू? गाडी बोलेल."

बोलली ना! चांगलीच बोलली.

ऑफिस कुठलं ते सांगत नाही, मला अजून या गावात राहायचंय. रणरणतं ऊन, लूचा गरम वारा असा की डोळे उघडवत नाहीत, आणि यांच्या पुढे एक जीप. आली म्हणजे काय, ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढत आणली. दोरी सोडली, शिक्का मारला, दोरी बांधली, गेली! पास! नरहरराव बघतच राहिले. त्यांना वाटलं, आपण डबा चुकून भलत्याच रुळावर आणलाय. आत गेले, तर इन्स्पेक्टर खुर्चीतून उठून उभा! "आइए हुज़ूर, तशरीफ़ रखिए. अच्छा, रेलवे से रिटायर हैं? वाह! अरे, साहब के लिए पानी लाओ!" पाणी आलं. पेन निघालं. "आप जैसे शरीफ़ आदमी की गाड़ी में क्या देखना, समझिए हो गया."

एक पैसा मागितला नाही हो त्याने! मागितला असता तर किती बरं झालं असतं! नरहरराव भडकून बाहेर आले असते आणि मागच्या मागे जयसिंगने निस्तरलं असतं. पण हा नुसता सभ्य! सभ्य माणसाशी भांडायचं कसं? आणि तेवढ्यात तो फॉर्म ओढला गेला, "आपने गाड़ी तो देखी ही नहीं!"

"हुज़ूर, इस धूप में कहाँ ज़हमत उठाएँगे?"

"ज़हमत मैं उठाता हूँ. ठोके बिना साइन नहीं."

मागून जयसिंग शर्ट ओढतोय, "साहब... साहबजी... चुप रहिए..." पण नाही. आणि खरं सांगू? मला राग येतो त्यांचा, पण मी त्यांच्या जागी उभा राहून बघतो तेव्हा कळतं. त्यांना काय हवं होतं? पास हवं होतं, नाही कोण म्हणतो, पण बघून दिलेलं हवं होतं! सही जर अशी बसल्या जागी फुकट मिळत असेल, तर मग चौतीस वर्षं उन्हातान्हात, त्या घाणीत वाकून ह्यांनी जे केलं ते काय होतं? गेलेली बढती कशासाठी होती? गाडीला चांगली म्हणा, पण एकदा बघून म्हणा... यात त्या माणसाचं चुकलं काय हो?

निघाली हातोडी. साहेब छत्री घेऊन मागे, कारकून वही घेऊन मागे, आणि तमाशा बघायला अंगणातले पन्नास ड्रायव्हर. पुढचं चाक, खण्ण! दुसरं, खण्ण! नरहररावांची छाती फुगली. मग वाकून मागच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा ठोकला...

बद्द.

पुन्हा ठोकला. बद्द. तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या तोंडावरचा रंग उडाला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, झालं, ठीक आहे. ह्यांच्या तोंडून सवयीने काय निघावं? "लिखिए! पीछे की बाईं कमानी, पट्टे में दरार." कारकुनाने लिहिलं! आणि मग जी गाडी सुटली ती थांबेचना... स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकाला पत्ता नाही, लिहा! ब्रेकचं पेडल जमिनीला टेकतंय, लिहा! हँडब्रेक ओढला तर तो उपटून हातातच आला, तोही लिहा! प्रत्येक दोषाला ड्रायव्हर लोक "वाह! वाह!" करताहेत, साहेब छत्रीखाली मान डोलावतोय, "क्या कान पाया है हुज़ूर ने!" आणि जयसिंग तिकडे बोनेटवर डोकं टेकून उभा. एकंदर सतरा दोष निघाले. त्या पाट्यावरून वर्षभर रोज माणसं नेली आपण, एवढंच नरहरराव पुटपुटत होते.

मग साहेबाने वही वाचली, अगदी अदबीने मिटली आणि विचारलं, "अब आप ही फ़रमाइए. आप हमारी जगह होते, तो साइन करते?"

काय उत्तर देणार? देतील काय, दिलंच की! "नहीं."

मारला शिक्का. नापास. साहेबाने वर हातात हात घेऊन सांगितलं, "ग्यारह साल में पहली गाड़ी फ़ेल की है हमने. आपकी बदौलत." आणि परत येताना हे गाडीत बसायला तयार नाहीत, जयसिंगला चालवू देत नाहीत, "नापास गाडी लाइनवर आणायची नाही!" म्हणजे बघा, ती जीप दोरीने आली आणि पास होऊन गेली, ही स्वतःच्या चाकांवर गेली आणि दोरीने घरी आली. अख्ख्या विकास नगरने बघितलं.

शनिवारी सकाळी नरहररावांनी चाक काढलं, गाडी विटांवर चढवली, हात काळे करून बसले. पाटा इथे मिळेना, कानपूरहून मागवायचा, आठ दिवस लागणार. सोमवार परवावर. लतिकावहिनी आत गेल्या, फाइल आणली आणि जयसिंगच्या हातात दिली. जयसिंग सायकलवर गेला. सायकलवर हो! दीड तासात परत. गाडी विटांवर, चाक तुळशीपाशी, आणि हातात कागद... पास! साहेब तोच, सही तीच. वर निरोप, "अंकलजी को हमारा आदाब कहिएगा."

पण त्या कागदावर खाली एक ओळ होती. वाहन मी स्वतः तपासले असून ते सुस्थितीत आहे. मालकाची सही.

नरहरराव कितीतरी वेळ ती ओळ वाचत बसले. मग म्हणाले, "हातोडी आण."

"हातोडी राहू दे. पेन घ्या," वहिनी म्हणाल्या.

"लतिका, ठोकल्याशिवाय सही..."

"माहीत आहे मला! चौतीस वर्षं ऐकतेय. बढती गेली, दोनदा बदली झाली, मी कधी तोंड उघडलं? आपलं आपण भोगलं. पण त्या जयसिंगच्या घरी पाच माणसं बसलीत. त्यांनी किती दिवस तुमची सही खायची, सांगा ना!"

जयसिंग फाटकाशी चपला घालून उभा होता. तो काही बोलला असता तर नरहररावांनी वाद तरी घातला असता. त्यांनी हात फडक्याला पुसले आणि सही केली. न ठोकता. आयुष्यातली पहिली. मी कुंपणाच्या अलीकडे उभा होतो, मी मान फिरवली, मला बघवेना.

रविवारी दिवसभर माणूस गाडीखाली. डालीगंजच्या लोहाराकडून कामचलाऊ पाटा करवून बसवला, ब्रेक केले. सतरातले अकरा दोष काढले. सहा राहिले. सोमवारी साडेसातला गाडी चारबागला हजर, नंदकुमार खूश, कागद बघितला, गाडीकडे ढुंकूनही नाही. आणि तेव्हापासून रोज, गाडी गेली की ती परत येईपर्यंत नरहरराव फाटकात खुर्ची टाकून बसतात. पेपर उघडा असतो, पान उलटत नाहीत. लांबून तिचा आवाज आला की मगच आत जाऊन जेवतात.

आणि ठोकणं? बंद. साफ बंद! भाजीवाला भैया आता दारात येऊन थांबतो, हे टरबुजाकडे बघतही नाहीत. परवा वहिनींनी नारळ आणला, सलोनी तो घेऊन फाटकात आली, "बाबा, ठोक के देखो ना, ठीक है?" मला वाटलं, आता घेतील हातात. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पास आहे."

फोडला. आतून काळा, कुजका, वास असा की आमच्या घरापर्यंत आला. वहिनी ती करवंटी घेऊन तशाच बाहेर आल्या आणि नरहररावांच्या पुढ्यात धरली. त्यांनी बघितलं, वास घेतला, आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरून म्हणाले, "असू दे गं... पुढच्या जूनपर्यंत चालतो."