आर्णीची मोटर अन् यवतमाळचा मिस्त्री

अरे बाप्पा, तुमाले सांगतो, तवा मी आर्णीच्या कापसाच्या जिनिंगमंदी मालकाची जुनी डिझेल मोटरगाडी चालवत होतो. थंडी पडली का ती सकाळी पांढरा धूर ओके, थरथर कापे अन् फाटकातच बंद पडे. मालक म्हणत, "तुलेच चालवता येत नाही. दुसरा ड्रायव्हर पाहतो मी."

मी तिले कशीबशी यवतमाळले मिस्त्रीकडं नेली. पंचवीस मैल धावून इंजिन चांगलं तापलं होतं. मिस्त्री म्हणे, "काहून आणली? मस्त तर चालून राह्यली!" तीन खेपा झाल्या, तिन्ही खेपा हेच. बिमार मोटर आहे का मी, हेच मले समजेना.

शेवटी मालकानं मिस्त्रीलेच आर्णीले मुक्कामी आणलं. सकाळी मोटर फाटकात बंद पडली तसा मी धावत गेलो. "उठा मिस्त्री, आत्ताच पाहा!"

मिस्त्रीनं घोंगड्यातून नाक तेवढं काढलं. "ऊन येऊ दे ना. गारठ्यात माहे हातपाय चालत नाहीत."

मालकानं त्याच्याकडं पाह्यलं, मंग मोटरीकडं पाह्यलं. मले म्हणाले, "आता आधी दुरुस्त कोणाले करायचं रे?"