तातेरावांच्या तुरीला बैलाचं शेण

आरं ऐका तर! काल हिंगोलीच्या ठेसनात पूर्णेच्या गाडीची वाट बघून राहिलो होतो, अन् पाठीमागंच डोंगरकड्याचे दोघं असे भांडून राहिले, असे भांडून राहिले की मी गाडीच इसरलो! एक शेतकरी, तातेराव. दुसरी बकऱ्यावाली, पंचफुलाबाई.

"पंचफुलाबाई, तुमच्या बकऱ्यांनी पुन्यांदा माझी तूर खाल्ली. आता म्या बराबर कोंडवाड्यात घालतो त्यायला."

"असं नका करू, तातेराव. नदीवर जायाला दुसरी वाट हाय का मला? वाटंच्या कडंच्या तुरीवर लेंड्यांचं पाणी शिंपडा म्हणलं व्हतं, शिंपडलं का?"

"शिंपडलं की! हंडाभर शेणकाला शिंपडला."

"शेण कोणाचं?"

"माझ्या बैलाचं."

"अगं माय! मंग तुमचा बैल खातो का ती तूर?"

"त्यो तर तिकडं तोंड बी करंना."

"करल कसा? ज्याची घाण त्यालाच नको वाटती. बकरीला बकरीच्याच लेंड्या लागतेत."

"तुमच्या बकऱ्यांच्या लेंड्या म्या हातात घिऊ?"

"नका घिऊ. म्या शिंपडते, आजच."

"अन् तरी खाल्ली तर?"

"तर खुशाल कोंडा. पर न्हाई खाल्ली तर?"

"तरी कोंडतो."

"काहून?"

"तूर निघाली की माझ्याच वावरात कोंडतो. आठ दिस बसवा बकऱ्या, खत व्हईल."

"अन् आमच्या भाकरीचं?"

"भाकरीला दाणे म्या देतो, पंचफुलाबाई. दाणे माझे, लेंड्या तुमच्या."