साडूची सायकल

सायकलच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं.

"मी माउंटन बाइकच घेणार. साडूकडे आहे."

"अहो, तुम्हाला रोज कामावर जायचंय. सगळा डांबरी रस्ता. ती जाड टायरं ओढून जीव जाईल. हायब्रिड हलकी आहे."

"हलकी! त्याच्यासमोर मी अगदीच फिका पडेन."

"दुकानदारदादा, तुम्हीच सांगा यांना."

"साहेब, एवढ्या बजेटात माउंटन बाइक म्हणजे नुसतं वजन."

"असू दे वजन. तो दर रविवारी मिरवतो."

"मिरवायचे. आता गुडघे धरलेत. ताई म्हणाली, भाऊजी पुढच्या महिन्यात हायब्रिड घेणार आहेत."

"हायब्रिड? ही?"

"हीच."

"दादा, हिच्यात हवा भरा. आम्ही साडूच्या दारावरूनच घरी जाऊ."