मराठी चॅनल कशाला

आमच्या नव्या टीव्हीचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. लग्नानंतर कन्नड मुलखात, चामराजपेटच्या सासरी मोठा एचडी टीव्ही आला. डिशवाल्यानं विचारलं, "अक्का, चॅनल कुठले देऊ?" नवऱ्यानं क्रिकेट सांगितलं, सासूबाईंनी कन्नड मालिका. मी हळूच म्हटलं, "एखादं मराठी घेऊ या का? साताऱ्याला आई बघते ती मालिका मलाही बघता येईल."

सासूबाई हसल्या. "मराठी चॅनल कशाला गं? घरात आपण मराठीच बोलतो की."

मलाही ते पटलं.

आता चित्र इतकं स्वच्छ दिसतं की बॅटवरचा ओरखडाही कळतो. फक्त टीव्ही चालू असताना घरात कुणी बोलत नाही, आणि तो सतत चालू असतो. काल दिवसभरात माझ्या वाट्याला मराठीचं एकच वाक्य आलं, त्यातही एक शब्द कन्नड.

"अगं, स्वल्प बाजूला हो, दिसत नाही."